सातशे लोकांची काउंटी: सिल्व्हर्टनच्या डोंगरात जमीन घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको डेन्व्हरला राहतात, दोघांचंही काम घरून चालतं, भाडं परवडेनासं झालंय. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येला सिल्व्हर्टनजवळ डोंगरात दहा एकर जमीन त्यांना ऑनलाइन स्वस्तात दिसली. विचारतात, तिथली काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषदच का? रस्ता, पाणी, बर्फ हे कोण बघतं? आणि एवढ्याशा वस्तीत राहणं जमेल का?

मी मूळची पोलादपूरची. गेली सतरा वर्षं या पट्ट्यातल्या लहान काउंट्यांची आणि गावांची अंदाजपत्रकं बसवणं, हिशेब तपासायला तयार करून देणं हे माझं काम. सिल्व्हर्टन ज्या सॅन वान काउंटीत आहे तिथले रस्ते, तिथली माणसं आणि तिथली कडकी, तिन्ही चांगली ओळखीची आहेत. तेव्हा उत्तर लांबेल.

आधी जमिनीचं बोलते, कारण पैसे तिथे अडकतील. जाहिरातीतली ती दहा एकर म्हणजे जवळजवळ नक्कीच जुना मायनिंग क्लेम आहे. १८७२ च्या खाण कायद्याप्रमाणे ज्याला डोंगरात सोन्या-चांदीची शीर सापडली त्याला त्या शिरेच्या अंगाने १,५०० फूट लांब पट्टी आखून घेता यायची. रुंदी इकडे बहुतेक ठिकाणी ३०० फूट. पुढे सरकारने पेटंट, म्हणजे जमिनीच्या मालकीची सनद, दिली की ती पट्टी कायमची खाजगी मालकीची. आता १,५०० गुणिले ३०० करा आणि एकराच्या ४३,५६० चौरस फुटांनी भागा. दहा एकर आणि वर थोडं. म्हणून तुम्हाला प्रत्येक जाहिरातीत दहाच एकर दिसतात. काउंटीच्या नकाशावर या पट्ट्या काडेपेटी सांडल्यासारख्या पडल्यात, एकमेकींवर आडव्या-तिडव्या. शीर जिकडे गेली तिकडे पट्टी गेली. मधे कडा आला, ओढा आला, दर हिवाळ्यात बर्फ कोसळणारी घळ आली, आखणाऱ्याला त्याचं काही नव्हतं. त्याला जमिनीच्या पोटातलं हवं होतं. तिथे कोणी घर बांधेल असं त्याच्या स्वप्नातही नसेल.

त्यामुळे काउंटीच्या नियोजन खिडकीवर गेलात की पहिला प्रश्न येईल तो 'पोचणार कसे?' जुनी बैलगाडीची, खरं तर खेचरांची वाट असेल, पण ती मधे केंद्र सरकारच्या जमिनीवरून जाते का? तसा हक्क कागदावर आहे का? दुसरा प्रश्न हिमस्खलनाचा. त्या जागेवर बर्फ कोसळत नाही हे तुम्ही सिद्ध करायचं, तेही तज्ज्ञाचा अहवाल जोडून, तुमच्या खर्चाने. मग संडासाची टाकी. उतार आणि कातळ असेल तर शोषखड्डा बसतच नाही. विहिरीची परवानगी तर काउंटी देतच नाही, ती राज्याच्या जल विभागाकडे. आणि हे सगळं जमलं तरी परवान्याच्या कागदावर सरळ शब्दांत येऊ शकतं की या रस्त्यावरचा बर्फ काउंटी काढणार नाही आणि हिवाळ्यात रुग्णवाहिका किंवा बंब पोचेल याची हमी नाही. लोकांना हा माज वाटतो. माज नाही तो. रस्ते विभागात माणसंच मोजकी आहेत.

अजून एक, आणि हे दलाल कधी सांगत नाहीत. पट्टीवर खाणीतून काढलेल्या दगडमातीचा ढीग असला, त्यातून पिवळट पाणी झिरपत असलं, तर मालकी घेताना ती कटकटही तुमच्या नावावर चढू शकते. प्रदूषण स्वच्छतेच्या केंद्रीय कायद्यात 'मी आता घेतली, घाण शंभर वर्षांपूर्वीची' एवढं म्हणून आपोआप सुटका होत नाही. घ्यायचीच असेल तर आधी त्या कायद्यातल्या वकिलाला दाखवा. माझा सल्ला विचाराल तर गावातलं घर भाड्याने घ्या, डोंगराकडे खिडकीतून बघा.

आता काउंटी म्हणजे काय.

जिल्हा परिषद डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी उतरंड असते आणि एका बाजूला जिल्हाधिकारी, म्हणजे थेट राज्याचा माणूस. इथे जिल्हाधिकारी नाही. वरून बदली होऊन कोणी येत नाही, की कोणाची बदली करून त्याला घालवताही येत नाही. मतदारांनी निवडलेले तीन कमिशनर असतात, मुदत चार वर्षं. तेच ठराव करतात, तेच अंदाजपत्रक मंजूर करतात, तेच रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल शिव्या खातात. पण गंमत पुढे आहे. शेरीफ, खजिनदार, कर मूल्यांकन करणारा असेसर, कागदपत्रं नोंदवणारा आणि निवडणुका घेणारा क्लर्क, मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर, हे सगळे वेगवेगळे निवडून येतात. कमिशनर त्यांचे साहेब नव्हेत. फार तर त्यांच्या खात्याला पैसे किती द्यायचे ते ठरवू शकतात. मुंबईत शेरीफ म्हणजे एखाद्या मान्यवराला दिलेलं शोभेचं पद. इथला शेरीफ कमरेला पिस्तूल लावून हिंडतो, डोंगरात हरवलेल्याला शोधण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर आहे, आणि गावाबाहेर वणवा लागला तरी पहिला फोन त्यालाच जातो.

सॅन वान काउंटी १८७६ साली झाली, कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी. क्षेत्रफळ साधारण १,००० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा बरंच मोठं. २०२० च्या जनगणनेत माणसं ७०५. राज्यातल्या ६४ काउंट्यांत सर्वांत कमी. त्यातले ६२२ सिल्व्हर्टन गावात, आणि गाव म्हणून नोंदलेलं ते एकच. गावाला स्वतःचा महापौर आणि विश्वस्त मंडळ आहे आणि ते काउंटीच्या हाताखाली नाही. म्हणजे सातशे माणसांवर दोन सरकारं. हसू नका, दोघांनाही वेगवेगळी अंदाजपत्रकं करावी लागतात, म्हणूनच माझ्यासारख्यांची चूल पेटते. काही कामं मात्र शहाणपणाने एकत्र केलीत. गावाने स्वतःचे पोलीस ठेवलेले नाहीत, गावातही काउंटीचाच शेरीफ, त्याचे पैसे गाव देतं.

सभांबद्दल एक गोष्ट सांगते, ती ऐकल्यावर इथलं राजकारण कळेल. राज्याचा खुल्या सभांचा कायदा १९७२ चा. कोरम किंवा तीन सदस्य, यातला जो आकडा लहान असेल तेवढ्यांनी एकत्र येऊन सार्वजनिक कामावर चर्चा केली की ती सभा झाली, आणि सभा लोकांना खुली हवी. कमिशनर तीनच, म्हणजे कोरम दोनचा. म्हणजे दोन कमिशनर चहाच्या टपरीवर, बरं, कॉफीच्या दुकानात, भेटले आणि एक म्हणाला, 'त्या ग्रेडरचं (रस्ता सपाट करायच्या यंत्राचं) काय करायचं रे?' तर ती बेकायदा सभा! मी एका काउंटीत (नाव सांगत नाही) प्रत्यक्ष पाहिलंय. किराण्याच्या दुकानात दोन कमिशनर एकाच रांगेत आले. मागच्याने सरळ दुधाची बाटली परत शीतकपाटात ठेवली आणि बाहेर जाऊन गाडीत बसला, पुढचा निघून जाईपर्यंत. मी म्हटलं, एवढं काय? म्हणाला, 'दुकानात अकरा माणसं होती. त्यातली सहा मला मत देत नाहीत.'

तुम्ही मात्र सभेला जाऊ शकता, जाच. खुर्च्या रिकाम्याच असतात. बोलायला वेळ देतात, नाव आणि पत्ता सांगायचा आणि मुद्द्याचं बोलायचं. ग्रामसभेत कोरमअभावी तहकूब, मग पुन्हा तहकूब, हा अनुभव घेतलेल्या माणसाला इथे मजा वाटेल. तुमचं म्हणणं ऐकणारा माणूस संध्याकाळी पोस्टात भेटतो, कारण गावात टपाल पोस्टातल्या पेटीत येतं आणि सगळे तिथे जातात. तक्रार पोचायला वेळ लागत नाही. पुढे काय होतं, तर बऱ्याचदा काहीच नाही, कारण पैसे नाहीत. हे पैशाचं जरा खोलात सांगते, माझा विषयच तो आहे.

काउंटीच्या जमिनीतला दहापैकी जवळपास नऊ भाग केंद्र सरकारचा. काही वन खात्याकडे, काही भूमी व्यवस्थापन खात्याकडे. शेतजमीन नाही. सिल्व्हर्टन स्वतः २,८४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पट उंच, आणि सगळ्या काउंटीची सरासरी उंची ३,४०० मीटरच्या वर. एवढी सरासरी उंची देशातल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीची नाही. तिथे पिकणार काय? केंद्राच्या जमिनीवर घरपट्टी लावता येत नाही. त्या बदल्यात १९७६ च्या कायद्याप्रमाणे केंद्र काउंटीला दरवर्षी काही रक्कम देतं. ती एकरावर मोजतात, पण वर लोकसंख्येचं झाकण आहे. म्हणजे जमीन ढीगभर आणि माणसं मूठभर असली की झाकण लवकर लागतं. ज्या काउंटीला सर्वांत जास्त गरज तिलाच ते आधी बोचतं. उन्हाळ्यात त्याच केंद्राच्या डोंगरात हजारो पर्यटक जीपा घेऊन फिरायला येतात, घसरतात, हरवतात, आणि त्यांना शोधायला जाणारा शेरीफ आणि त्याच्यासोबतचे स्वयंसेवक सातशे लोकांतले.

उरलेल्या दहाव्या हिश्श्यावर कर. तो कसा बसतो ते आकड्यात बघा, आकडा माझ्या मनाचा आहे. चार लाख डॉलरचं घर. राहत्या घराच्या किमतीचा साधारण सातेक टक्के भागच करासाठी धरतात, म्हणजे २८,००० डॉलर. (नेमका टक्का विधिमंडळ अलीकडे सारखं बदलतंय, त्या वर्षीचा असेसरला विचारा.) या २८,००० वर 'मिल' लागतात, एक मिल म्हणजे हजाराला एक डॉलर. काउंटीने वीस मिल लावले तर तुमच्याकडून तिला ५६० डॉलर मिळाले. वर्षाचे! त्यात रस्ता, शेरीफ, तुरुंगाची सोय, निवडणूक, आरोग्य सेविका, सगळं. शाळेचे, गावाचे मिल वेगळे, पण बिल एकच येतं आणि खजिनदार गोळा करून ज्याचे त्याला वाटतो. मागच्या वर्षीचा कर या वर्षी भरायचा. दोन हप्ते पाडले तर पहिला फेब्रुवारीअखेर, दुसरा १५ जूनपर्यंत. दर विषम वर्षी नव्याने मूल्यांकन होतं आणि मे महिन्यात नोटीस येते. आकडा जास्त वाटला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात हरकत घाला, आळस करू नका. असेसरने फेटाळली तर पुढचं अपील मूल्यांकन समानीकरण मंडळाकडे (बोर्ड ऑफ इक्वलायझेशन). ते मंडळ म्हणजे तेच तीन कमिशनर, वेगळी टोपी घालून.

मग कर वाढवत का नाहीत? तर १९९२ साली राज्याच्या घटनेत एक दुरुस्ती झाली. तिला इथे सगळे टेबॉर म्हणतात. कर वाढवायचा तर मतदारांना विचारल्याशिवाय नाही, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त महसूल आला तर तो परत करायचा, जोवर मतदार 'राहू दे तुमच्याकडे' म्हणत नाहीत. मतपत्रिकेवरचा प्रश्नही कसा सुरू करायचा ते घटनेतच लिहिलंय: कर दरवर्षी इतक्या-इतक्या डॉलरने वाढवावेत काय? आणि तोही सगळा मोठ्या अक्षरांत छापायचा. मतपत्रिका टपालाने येते. स्वयंपाकघराच्या टेबलावर ते वाक्य बघून माणसाचा हात 'नाही'कडेच जातो. तरी लहान काउंट्यांतले लोक कित्येकदा 'हो' म्हणतात, विशेषतः रुग्णवाहिकेसाठी. स्वतःच्या आईला घाटातून नेलेलं असतं ना.

एक डिसेंबर मला आठवतो, कुठल्या काउंटीतला ते जाऊ दे. अंदाजपत्रकाची सुनावणी. बाहेर बर्फ पडतोय, आत तीन कमिशनर, मी, क्लर्क आणि चार गावकरी. रस्ते विभागाचा फोरमन आला, बुटांवरचा बर्फ झटकला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. उलगडलं तर ग्रेडरच्या गिअरबॉक्समधलं चाक, तीन दात गेलेले, तेलाने माखलेलं. माझ्या छापील कागदांवर डाग पडला. म्हणाला, 'आकडे नंतर बघा, आधी हे बघा.' रस्ते-पुलांचा निधी कायद्याने वेगळा असतो, त्यात राज्याच्या इंधन करातला हिस्सा येतो, पण त्या वर्षी त्यात गिअरबॉक्सपुरतं उरलं नव्हतं. सर्वसाधारण निधीतून वळवायचे तर कशातून? शेरीफचा एक डेप्युटी नुकताच सोडून गेला होता. त्याची जागा जूनपर्यंत भरायची नाही असं ठरलं, शेरीफ समोर बसलेला असताना. तो काही बोलला नाही, टोपी उचलली आणि गेला. चाळीस मिनिटांत विषय संपला. कोट्यवधींच्या अंदाजपत्रकांवर तासन्‌तास भाषणं होतात तिथेही एवढा स्वच्छ निर्णय मी क्वचित पाहिलाय, आणि एवढा कडूही.

बर्फ. तुमच्या दारातला बर्फ एकच, पण त्याचे मालक तीन. महामार्ग ५५० वरचा राज्याचा परिवहन विभाग काढतो. गावातल्या गल्ल्यांतला गाव. काउंटी रस्त्यांवरचा काउंटी, तोही ठरलेल्या ठिकाणापर्यंत. पुढचे उंचावरचे रस्ते, ॲनिमस फोर्क्सच्या ओसाड खाणवस्तीकडे जाणारा वगैरे, बर्फाखाली जातात ते मे-जूनमध्ये यंत्रं घालून उघडेपर्यंत. चौथा मालक तुम्ही. बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा नांगर गेला की तुमच्या दाराच्या तोंडाशी जो बर्फाचा बांध उभा राहतो, तो तुमचा. रात्रीत गोठून दगड होतो. पहिल्या वर्षी मी सकाळी आठला फावडं घेऊन गेले आणि फावड्याचाच दांडा मोडला. शेजारच्या म्हाताऱ्याने खिडकीतून बघितलं, बाहेर आला, म्हणाला, 'नांगराचा आवाज आला की उठायचं, उजाडायची वाट बघायची नाही.' तक्रार कुठे करू म्हणून मी फोन फिरवत होते! तिन्ही कार्यालयांनी अतिशय नम्रपणे मला चौथ्या मालकाकडे पाठवलं.

आणि घाट. सिल्व्हर्टनच्या दक्षिणेला ड्युरँगोकडे जाताना मोलस आणि कोल बँक असे दोन घाटमाथे, दोन्ही १०,००० फुटांच्या वर. उत्तरेला युरेकडे रेड माउंटन, ११,०१८ फूट. तिसरा डांबरी रस्ता नाही. रेड माउंटनच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही. जागाही नाही, आणि कठडा असला तर नांगराने बर्फ ढकलायचा कुठे? वरच्या उतारांवर बर्फ साठला की रस्ता बंद करून स्फोटकांनी मुद्दाम पाडतात, त्यासाठी वर्षानुवर्षं लष्करी तोफा वापरल्यात. मार्च २०१९ मध्ये कोलोरॅडोभर हिमस्खलनांचा कहर झाला तेव्हा हा घाट दोन आठवड्यांहून जास्त बंद होता. दोन्ही बाजू एकदम बंद झाल्या की गाव बेट होतं. आमच्या आंबेनळी घाटात दरड आली की पोलादपूर-महाबळेश्वर तुटायचं, पण आम्हाला निदान महाडकडे खाली उतरता यायचं. सिल्व्हर्टनला खाली नाहीच, सगळीकडे वर.

रुग्णालय ड्युरँगोला, ८० किलोमीटर, ते दोन घाट ओलांडून. बाळंतपण जवळ आलं की बायका आधीच खाली जाऊन राहतात. दमा असेल, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना या उंचीबद्दल आधी विचारा, हे मी गमतीत सांगत नाही.

पैसा येतो कुठून हेही कळायला हवं. १८८२ च्या जुलैत ड्युरँगोहून अरुंद रुळांची आगगाडी आली, खनिज उतरवायला. आपल्या माथेरानच्या गाडीची थोरली बहीणच. आता ती पर्यटक चढवते. शेवटची मोठी खाण, सनीसाइड, १९९१ ला बंद पडली. १९९० ला काउंटीत ७४५ माणसं होती, २००० ला ५५८. दहा वर्षांत चौथा हिस्सा गाव उठून गेलं. तेव्हापासून उन्हाळ्याची गाडी, जीपवाले, हिवाळ्यात स्कीवाले यांच्या विक्रीकरावर आणि हॉटेलांवर गुजराण. जून २०१८ मध्ये ड्युरँगोजवळ वणवा पेटला, गाडी सुमारे सहा आठवडे बंद. ऐन हंगाम. दुकानदारांचे चेहरे मला अजून दिसतात. वर्षातले चार महिने कमवायचे त्यातला दीड गेला. हिवाळ्यात गाडी सिल्व्हर्टनपर्यंत येतच नाही, निम्मी दुकानं पाट्या लावून बंद. ग्रीन स्ट्रीट हा गावातला डांबर असलेला मुख्य रस्ता, बाकी गल्ल्या मातीच्या. फेब्रुवारीत त्या ग्रीन स्ट्रीटवर दुपारी तीनला उभं राहा, कुत्रं दिसलं तर नशीब.

या पर्यटनावरूनच भांडणं होतात. २०२१ मध्ये चारचाकी मोटारसायकलींसारख्या, डोंगरात फिरवायच्या त्या धुरळा उडवणाऱ्या गाड्या गावातल्या रस्त्यांवर येऊ द्यायच्या की नाही यावर मतदान झालं. धंदेवाले म्हणे येऊ द्या, राहणारे म्हणे आवाज आणि धूळ पुरे. बंदीच्या बाजूने निकाल लागला. काउंटीच्या रस्त्यांवर मात्र त्या चालतात. गावाची हद्द संपते तिथे नियम बदलतो, दोन सरकारं म्हणतात ती अशी. एवढ्या छोट्या गावात असं मतदान झालं की कोणी कसं मत दिलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, किंवा ठाऊक असल्यासारखं सगळे वागतात.

ज्या प्रकरणाने या काउंटीचं नाव जगभर गेलं ते मात्र ५ ऑगस्ट २०१५ चं. गोल्ड किंग नावाच्या जुन्या खाणीच्या तोंडाशी केंद्रीय पर्यावरण संस्थेचंच पथक काम करत होतं, आत तुंबलेलं पाणी फुटलं आणि ३० लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरच्या वर, आम्लधारी धातुमिश्रित पाणी सिमेंट क्रीकमधून ॲनिमस नदीत गेलं. नदी हळदीत कालवल्यासारखी. खाली ड्युरँगोत लोक पुलावर उभे राहून नुसते बघत होते. बाहेरच्यांनी तेव्हा विचारलं की या खाणी साफ करायला केंद्राच्या सुपरफंड योजनेत हे डोंगर आधीच का घातले नाहीत? त्याचं उत्तर स्थानिक सरकार समजून घ्यायला उपयोगी आहे. लोकांनीच वर्षानुवर्षं नको म्हटलं होतं. सुपरफंडचा शिक्का बसला की पर्यटक बिचकतील, घरांना कर्ज मिळणार नाही, खाण पुन्हा सुरू व्हायची आशा संपेल. शिवाय केंद्रावर विश्वास नाही, आणि फुटीनंतर तर 'बघा, ह्यांनीच फोडली' असं म्हणायला कारणही मिळालं. माझं मत विचाराल तर त्यांची भीती मूर्खपणाची नव्हती, पण घाणही आपोआप जाणारी नव्हती. शेवटी फेब्रुवारी २०१६ मध्ये गावाचे विश्वस्त आणि काउंटीचे कमिशनर, दोघांनी एकमताने 'घाला आम्हाला यादीत' असा ठराव केला, आणि सप्टेंबरमध्ये बोनिटा पीक या नावाने ४८ जागा यादीत गेल्या. त्याआधी महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या त्या हद्द कुठे आखायची यावर. गाव त्यातून वगळलं जावं म्हणून. तुमच्या दहा एकरांचा गट क्रमांक त्या ४८ जागांच्या नकाशाशी ताडून बघा, हे त्यासाठीच सांगतेय.

राहणं जमेल का? मुलं असतील तर शाळा चांगली गोष्ट आहे. १९११ ची इमारत, पहिलीपासून बारावीपर्यंत सगळे तिथेच, पट शंभराच्या आत. घर मिळणं अवघड, कारण चांगली घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतलीत आणि कामगाराला खोली नाही. महाबळेश्वरला जे चाललंय तेच. सामाजिक जीवन भरपूर, पण त्यातून सुटका नाही. तुम्ही येऊन सहा महिने झाले की कोणीतरी विचारेल, अग्निशमनात येणार का, शोधपथकात येणार का, नियोजन मंडळावर जागा रिकामी आहे, अर्ज कराल का. हे भिडस्तपणाने विचारतात, पण खरंच गरज असते. माणसं पुरत नाहीत. डेन्व्हरला कर भरला की आपण मोकळे, इथे नाही.

किराणा महिन्याचा एकदम भरावा लागेल, ड्युरँगोहून. प्रेशर कुकर नसेल तर डाळ शिजत नाही, कारण या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात राजमा टाकून दिवसभर बसलेला एक पंजाबी मुलगा मला माहीत आहे, रात्री त्याने ब्रेड खाल्ला. कुकरलाही नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या.

एवढं वाचूनही यायचं असेल तर जुलैत येऊ नका, तेव्हा कोणीही प्रेमात पडतं. मार्चमध्ये या, आठवडाभर खोली घ्या, कमिशनरांची सभा कधी आहे ते आधी बघून ठेवा आणि मागच्या खुर्चीत बसा. येताना जाहिरातीतल्या जमिनीचा गट क्रमांक घेऊन असेसरच्या खिडकीवर जा. नकाशा काढून दाखवतात, पैसे घेत नाहीत.